भिजलेली नुकसानवही

१

मेश्रामांची वही गेली ती भरदिवसा, खोलीत चार-पाच माणसं असताना गेली.

मे १९८२ मधला मंगळवार होता. लखनौजवळच्या बख्शी का तालाबला तळ्याच्या काठी नुकसान-पाहणीचं एक तात्पुरतं ऑफिस थाटलं होतं. ऑफिस कसलं, एक खोली, दोन टेबलं आणि पश्चिमेला मोठी काचेची खिडकी. दुपारी साडेतीनला आभाळ शाईसारखं झालं, धुळीचा लोट उठला आणि पाठोपाठ गारा आल्या. खिडकीचं तावदान खळ्ळकन टेबलावर आलं. वीस मिनिटांनी सगळं शांत झालं, तेव्हा खिडकीखालच्या टेबलावर काचेच्या चुऱ्यात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही पडलेली दिसली. पानांचा लगदा झाला होता आणि त्यातून निळं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"मेश्रामजी," ऑफिसचे प्रमुख निगमसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "यह आपने क्या किया!"

त्या वहीत श्रीपत मेश्रामांचे अठरा दिवस होते. एप्रिलच्या सोळा तारखेला पहिली गारपीट झाली, तिने एकोणीस गावांतल्या आमरायांची लिंबाएवढी कैरी अर्ध्या तासात जमिनीवर आणली. मेश्राम सायकलवरून प्रत्येक बागेत गेले. झाडाखाली बसून पडलेली फळं मोजली, माणसांशी बोलले, लिहून घेतलं. आता त्या कैऱ्या कुठे होत्या? काही लोणच्यात, काही बकऱ्यांच्या पोटात, बाकीच्या मातीत. पुन्हा मोजायचं म्हटलं तरी मोजायला काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी मानक नगरच्या क्वार्टरमध्ये ते शिरले तेव्हा कांताबाई स्वयंपाकघरात होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी गॅस बंद केला.

"अजी, काय झालं?"

मेश्रामांनी सांगितलं. सांगताना स्वतःचाच स्वतःवर विश्वास नसल्यासारखे अडखळत होते. "वही मी पिशवीत ठेवली होती, कांता. पिशवी दाराजवळच्या खुंटीला. वादळ आलं तेव्हा बाहेर एका बाईची बैलगाडी उलटायला आली होती, ती धरायला धावलो. परत आलो तर पिशवी रिकामी न् वही टेबलावर. मीच काढली असन का? काही समजून नाही राहिलं."

"तुम्ही काहून काढाल?"

"साहेब म्हणतात, निष्काळजीपणा. शनिवारी सकाळी रिपोर्ट वर जाणार. माझी वही नाही म्हणून साहेबांचा आधीचा अंदाज जाईल, चार लाखांचा. खुर्चीत बसून काढलेला. आणि त्याच्यासोबत माझं लेखी स्पष्टीकरण." ते खाली बसले. "माझा आकडा अकरा लाखांवर गेला होता."

सतरा वर्षांची बेबी दारात उभी होती. "मम्मी, पापा को पहले खाना दे दो न," ती म्हणाली. घरात मराठी बोलली तरी ती हिंदीतच उत्तर द्यायची.

मेश्रामांनी दोन घास खाल्ले. कांताबाईंनी त्यांचा चिखलाचा शर्ट बादलीत टाकला आणि थबकल्या. खिशाभोवती पाण्यात जांभळा डाग पसरत चालला होता, जांभूळ चुरडल्यासारखा. खिशात बोटभर पेन्सिल होती. मेश्राम शेतात कधी शाई वापरत नसत. घामाने, दवाने शाई फुटते, म्हणून कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना करडी, पाणी लागलं की जांभळी, आणि मग काही केल्या निघत नाही.

त्या तशाच ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"अजी, त्या वहीतून कोणत्या रंगाचं पाणी गळत होतं म्हणाले तुम्ही?"

"निळं."

"नक्की निळं?"

"निळं म्हणजे निळं. काहून?"

कांताबाईंनी हातातली पेन्सिल त्यांच्यासमोर धरली.

२

कांताबाई मानक नगरच्या रेल्वे प्रयोगशाळेत रंगांच्या विभागात सहायक होत्या. डब्यांना लावायचा रंग उन्हात किती टिकतो, पाण्यात किती उतरतो, हे बघण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. साहेब लोक यंत्रं बघत, कांताबाई रंग बघत, आणि पुष्कळदा यंत्राच्या आधी कांताबाईंना कळे.

बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोन बस बदलून बख्शी का तालाबला पोचल्या. मेश्रामांची छत्री राहिलीय, एवढंच कारण पुरे होतं.

सतीश निगम लखनौचे कायस्थ, तोंडात पान आणि बोलण्यात साखर. "आइए भाभीजी, तशरीफ रखिए. मला स्वतःला फार वाईट वाटतंय."

"ती वही एकदा बघू का?" कांताबाई हिंदीत म्हणाल्या. "त्यांना रात्रभर झोप नाही. मी पाहिलं म्हटलं की तेवढंच समाधान."

निगमांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला लगदा काढून दिला आणि पानदान शोधायला वळले. कांताबाईंनी चष्मा लावला.

लाल पुठ्ठा सरकारी, सगळ्या खात्यांना एकाच छापखान्यातून येणारा. वरची चिठ्ठी गळून गेलेली. आतली अर्धी पानं निळसर, अक्षर एकही नाही. उरलेली अर्धी पांढरी, म्हणजे कोरीच होती. जांभळ्याचा कुठे ठिपकाही नव्हता. मात्र छापील रेघा शाबूत होत्या. छपाईची शाई तेलाची, ती पाण्याला दाद देत नाही. उभ्या रेघा बारीक, जवळजवळ, एखादा आकडा मावेल एवढ्याच. आणि आडव्या ओळींत एक गंमत होती. दर दोन ओळींनंतर एक लाल रेघ. दोन ओळी, लाल रेघ. दोन ओळी, लाल रेघ.

मेश्रामांच्या वहीत असलं काही नव्हतं. त्यांची वही शेवटच्या पानापर्यंत भरलेली होती, आणि शेवटचा रकाना तर त्यांनी स्वतः पट्टीने आखला होता.

"साहेब, ही वही तुम्ही पूर्वी कधी उघडून पाहिली होती?"

निगम जरा ओशाळले. "वेळ कुठे मिळाला? मंगळवारीच बघणार होतो. मुख्यालयाने विचारलं होतं, हवामान चौकीच्या नोंदीत गारा नाहीत, मग तुमचा माणूस अकरा लाख म्हणतो कसा? म्हणून चौकीवाल्या पानसेजींनाही बोलावलं होतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघायच्या होत्या. आँधीने सगळंच धुळीला मिळवलं."

"त्या वेळी खोलीत कोण कोण होतं?"

"मी. ठाकूर रणविजय सिंह. इकरामुल्ला ठेकेदार. आणि पानसेजी."

कांताबाईंनी लगदा होता तसा गुंडाळून परत दिला. ही वही मेश्रामांची नव्हती. म्हणजे मेश्रामांची वही कोरडी होती, शाबूत होती, आणि या चौघांपैकी कुणाकडे तरी होती.

३

छत्री काखेत मारून त्या आधी ठाकुरांच्या बागेकडे गेल्या. ठाकूर खाटेवर बसून हुक्का ओढत होते, वर झाडाला फांदीमागे एखादीच कैरी लटकत होती.

"मेश्राम चांगला माणूस आहे," ते म्हणाले, "पण हट्टी. मी म्हटलं, बाग माझी, झाडं माझी, नुकसान माझ्या नावावर लिही. तर म्हणतो, ठाकूर साहेब, बाग तुम्ही मोहोरातच विकली, पैसे घेतले, तुमचं काय गेलं?"

"मग खरंच काय गेलं तुमचं?"

ठाकुरांनी नळी बाजूला केली. कांताबाईंकडे नीट बघितलं आणि एकदम हसले. "आप तो उनसे भी तेज़ हैं. गेलं असेल तर अर्धं गेलं. बाकी इकरामचं."

"सही कशाने करता, ठाकूर साहेब?"

"सही? मुनीम कागद आणतो, मी त्याच्याच बॉलपेनने करतो. वह्या-बिह्या आपल्या हाती नसतात. का?"

"सहज विचारलं."

इकरामुल्ला ठेकेदार रस्त्यापलीकडे पेट्यांच्या कारखान्यात होता. कारखाना म्हणजे एक छप्पर आणि त्याखाली फळ्यांचा ढीग. एरवी या दिवसांत तिथे वीस बायका खिळे ठोकत असायच्या. आज दोघी होत्या आणि दोघी हातोड्या बाजूला ठेवून बसल्या होत्या.

"बहनजी, आमच्यात मोहोर आला की सौदा होतो," इकरामुल्ला म्हणाला. "अर्धे पैसे तेव्हा, अर्धे फळ उतरल्यावर. आता फळच नाही. मी मेश्राम साहेबांना विनवलं, सोळा आणे नुकसान लिहा, म्हणजे ठाकूर उरलेलं मागणार नाहीत. ते म्हणाले, इकराम भाई, मी बारा आणे मोजलंय, बाराच लिहिणार." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "राग आला होता मला. पण मग त्यांनी या बायकांची नावं विचारली. पेटीमागे किती मिळतात, किती पेट्या बुडाल्या, राखणीला झोपडीत राहणाऱ्यांचं काय. तीस वर्षांत कुणी सरकारी माणसाने हे विचारलं नव्हतं. अशी वही मी कशाला बुडवीन?"

त्याची स्वतःची वही मांडीवर उघडी होती. लांबट, बिनरेघांची, उर्दूत, उजवीकडून लिहिलेली.

"वादळात तुम्ही काय बघितलं, इकराम भाई?"

"काय बघणार? काच फुटली तसे सगळे भिंतीला चिकटलो. निगम साहेब टेबलाखाली. ठाकूर साहेब कलमा सोडून सगळं म्हणत होते." तो हसला, मग आठवून म्हणाला, "पानसे साहेब बिचारे दाराजवळ होते. जाताना आपला झोला छातीशी धरून गेले, लेकराला धरावं तसा. भिजू नये म्हणून असेल."

कांताबाईंच्या मनात काही हललं, पण त्यांनी त्याला वर येऊ दिलं नाही. पानसे म्हणजे घरचं माणूस. उलट त्यांनी ठरवलं की आता पानसेभाऊजींकडेच जावं आणि दोघांनी मिळून विचार करावा.

४

हेमचंद्र पानसे मूळचे साताऱ्याचे. सरकारी शेतीफार्मवरच्या हवामान चौकीवर बावीस वर्षं. फार्मच्या क्वार्टरमध्ये ते आणि विनयाताई, दोघंच. जूनअखेर निवृत्ती.

मेश्राम कुटुंब एकसष्ट साली लखनौला आलं तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी महिनाभर हिंडलं होतं. खोली पसंत पडे, मालक आडनाव विचारी, गाव विचारी, मग मालकाच्या भावाचा मुलगा अचानक राहायला येणार असे. तेव्हा कुठल्याशा मराठी मंडळात भेटलेल्या या पानशांनी आपल्या दोन खोल्यांतली एक दिली. आठ महिने दोन बायकांनी एका चुलीवर स्वयंपाक केला. बेबीचा पहिला वाढदिवसही पुढे त्याच अंगणात झाला.

मित्रमंडळींत पानशांना 'साडेपाचचे पानसे' म्हणत. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, या दोन वेळी चौकीवर तापमान, वारा, पाऊस लिहायचा, यात बावीस वर्षांत खंड नाही. लग्नाच्या पंगतीतून, सिनेमाच्या मध्यंतरातून ते उठून गेलेले सगळ्यांनी पाहिले होते.

"या वहिनी!" पानशांनी दार उघडलं. दोन दिवसांत म्हातारे झाल्यासारखे दिसले. "विनया झोपलीय. हृदयाचं दुखणं पुन्हा बळावलंय तिचं. मी चहा टाकतो."

चहा घेताना कांताबाईंनी पेन्सिलीची, निळ्या पाण्याची, दुसऱ्याच वहीची हकिगत सांगितली. पानसे ऐकत होते. कपातला चहा तसाच निवत होता.

"मग तुम्हाला कुणावर वाटतं?" त्यांनी विचारलं.

"निगमसाहेबांकडे नव्या वह्या आहेत, पण कोऱ्या. ती वही अर्धी लिहिलेली होती. ठाकूर वही ठेवत नाहीत. इकरामची उर्दूत, बिनरेघांची. भाऊजी, असलं बारीक रकान्यांचं, अर्धवट भरलेलं सरकारी रजिस्टर तिथे घेऊन कोण आलं असेल?"

पानशांनी घड्याळाकडे पाहिलं. "साडेपाच होत आले. आलोच हं वहिनी."

ते अंगणातल्या उपकरणांच्या पांढऱ्या पेटीकडे गेले. कांताबाई खिडकीतून बघत राहिल्या. काटे वाचले, पावसाच्या नळकांड्यात डोकावले. परत आले आणि टेबलावरच्या एका सुट्या कागदावर लिहू लागले. निळी शाई.

"रजिस्टर कुठे गेलं, भाऊजी?"

"ते? बांधणीला दिलंय."

वर्ष अर्धंही झालेलं नसताना. त्यांनी कागदावर आजची सकाळची ओळ, खाली संध्याकाळची ओळ लिहिली. मग सवयीने लाल पेन्सिल उचलली आणि दोन ओळींखाली पट्टीने रेघ मारली.

कांताबाई उठल्या. "निघते. बस चुकेल," एवढंच बोलल्या. पायरी उतरताना छत्री हातातून पडली आणि उचलायला त्यांना दोनदा वाकावं लागलं.

५

"पानसे?" मेश्राम म्हणाले. "नाही. कांता, तुझं चुकतंय."

"माझं चुकावं असं मलेच वाटून राहिलं."

मग त्यांनी सगळं ओळीने मांडलं. हवामान चौकीने सोळा एप्रिलला गारा लिहिल्या नव्हत्या. मेश्रामांच्या वहीत मात्र प्रत्येक गावात गारा किती वाजता पडल्या ते होतं. चौकीला लागून असलेल्या वस्तीत चार वाजून दहा मिनिटांनी. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या असत्या तर एक खोटी ठरणार होती. वादळ आलं आणि दाराजवळच्या माणसाने पिशवीतली वही आपल्या झोळ्यात टाकली, आपली फुटक्या खिडकीखाली ठेवली. पुठ्ठा सारखाच. स्वतःची खोटी नोंद गेली आणि तिला खोटी ठरवणारीही गेली.

 मेश्राम म्हणाले, "साहेबाला सांगू नको. आधी त्याच्याकडे जा. त्यानं आपल्याले घर दिलं होतं."

"घर दिलं होतं म्हणूनच जाते," कांताबाई म्हणाल्या.

गुरुवारी रजा मिळाली नाही. शुक्रवारी सकाळी त्या गेल्या तेव्हा पानसे सकाळची नोंद करून घरात येत होते. कांताबाईंना बघून त्यांनी दार धरलं.

"वही द्या, भाऊजी."

 ते आत वळले. आतल्या खोलीत विनयाताई उशीला टेकून बसल्या होत्या आणि मेश्रामांची वही त्यांच्याच मांडीवर उघडी होती.

"ये गं कांता. बघ, केवढं काम केलंय तुझ्या नवऱ्याने," त्या म्हणाल्या. "मेश्रामांनी तपासायला दिलीय म्हणाले हे. मी रोज थोडी थोडी वाचतेय." मग त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

पानसे खुर्चीत बसले ते कोसळल्यासारखे. सोळा एप्रिलला सकाळीच विनयाताईंना कळ आली होती. शहरात हॉस्पिटलला न्यायचं, संध्याकाळी परतणं होणार नाही हे दिसत होतं. खंड पडू नये म्हणून त्यांनी निघण्याआधीच साडेपाचची ओळ लिहून टाकली. आकाश निरभ्र, पाऊस शून्य. सकाळ तशीच होती. दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा अंगणात फांद्यांचा खच होता आणि पावसाचं नळकांडं चेपलं होतं. त्यांनी ते ठोकून सरळ केलं. ओळ मात्र सरळ केली नाही. निवृत्तीला अडीच महिने होते.

"मला वाटलं, गारा इकडे तिकडे पडल्या असतील, चार गावांत. एवढं मोठं असेल हे मला ही वही वाचेपर्यंत माहीत नव्हतं." त्यांनी चष्मा काढला. "जाळणार होतो. काडी पेटवली दोनदा. नाही जमलं, वहिनी. मेश्रामांचं अक्षर दिसत होतं."

कांताबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. "वही घेतली त्याचं मला एवढं नाही. यांना सगळ्यांसमोर बोल लागला, तुम्ही तिथे उभे होता आणि गप्प राहिलात."

"दोन दिवस बोलणी बसतील, मग वही कुठे तरी सापडल्यासारखी करू, असं..."

"दोन दिवस? भाऊजी, तुमच्या हातून वही भिजली असती तर साहेब म्हणाले असते, पानसे थकले बिचारे. यांच्या हातून भिजली तर म्हणतात, यांच्याकडून दुसरी अपेक्षा काय ठेवायची. हा फरक तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर तुम्ही आम्हाला खोली दिली होती."

 पानसे मान खाली घालून रडत होते.

विनयाताईंनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी कांताबाईंच्या हातात दिली. "कागद आणा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही माझ्या उशाशी बसला होता, म्हणून चौकीवर नव्हता. एवढंच लिहायचं होतं. यात खोटं लिहिण्यासारखं काय होतं हो?"

"नोकरीवर गदा आली असती."

"आता येऊ दे. मी आहे ना."

पानसे उठले. दौत, टाक, कागद घेऊन बसले, आणि लिहायच्या आधी म्हणाले, "वहिनी, मेश्राम मला भेटतील का?"

"ते बाहेर फाटकाशी उभे आहेत," कांताबाई म्हणाल्या. "आत यायला सांगितलं तर म्हणाले, त्याचं लिहून होऊ दे आधी, मला बघून त्याचा हात थरथरेल."

६

शनिवारी सकाळी निगमसाहेबांच्या टेबलावर लाल वही आली, घामा-दवाने जांभळ्या झालेल्या अक्षरांनी काठोकाठ भरलेली, आणि तिच्यासोबत हेमचंद्र पानसे यांचं दोन पानी निवेदन. निगमांनी दोन्ही वाचलं, मग पहिल्यांदाच पान थुंकून येऊन मेश्रामांशी बोलले. माफी अशी त्यांनी मागितली नाही, पण स्पष्टीकरणाचा कागद त्यांच्यासमोर फाडला आणि रिपोर्टला सकाळी अकराऐवजी दुपारी दोन वाजता, अकरा लाख सत्तर हजारांच्या आकड्यासह जाऊ दिलं.

पानशांची चौकशी झाली. एक वेतनवाढ कापली गेली आणि पेन्शन आठ महिने अडकली. त्या आठ महिन्यांत मेश्रामांच्या घरून दर रविवारी डबा जायचा. पहिले दोन रविवार तो बेबी नेऊन द्यायची, कारण कांताबाईंच्या मनातला काटा निघायला वेळ लागला. तिसऱ्या रविवारी त्या स्वतः गेल्या. विनयाताईंना उठवतही नव्हतं, तरी त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि दोघी दिवसभर जुन्या चुलीवरच्या करपलेल्या भाकरींच्या गोष्टी बोलत राहिल्या.

मेश्रामांच्या शेवटच्या रकान्यावर वर बराच खल झाला. 'जमीन नाही, झाड नाही, तरी नुकसान' असं त्याला शीर्षक होतं. पेट्या ठोकणाऱ्या बायका, राखणदार, फळं उतरवणारे, बैलगाडीवाले. अकरा लाखांतले चार लाख या लोकांचे बुडाले होते. अशा माणसांना भरपाईची तरतूद नाही, असं पहिलं उत्तर आलं. मेश्रामांनी दुसरं पत्र लिहिलं. मग तिसरं. शेवटी त्यातला निम्मा भाग मदत म्हणून मंजूर झाला.

पुढच्या वर्षी जूनच्या अखेरीला बख्शी का तालाबच्या शाळेच्या पटांगणात वाटप होतं. ठाकूर आले, इकरामुल्ला आला, आणि पटांगणभर अशी माणसं आली जी सरकारी वाटपाला कधी आलीच नव्हती. मेश्राम टेबलाशी बसून नावं वाचत होते.

"रामकली, पेटी कारखाना."

कुणी उठलं नाही.

"रामकली. पेटी कारखाना. दोनशे दहा पेट्या."

मागच्या रांगेतल्या एका बाईला शेजारणीने कोपराने ढोसलं. ती बाई दोन्हीकडे बघत राहिली. "कौन हमार नाम लिखिस?" तिने विचारलं. मग पदर सावरून उठली, पुढे आली, अंगठा दिला आणि पैसे न मोजताच मुठीत धरून तशीच उभी राहिली. पुढचं नाव पुकारल्यावरही तिला हलायचं सुचेना.

फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली पानसे उभे होते. पुढे यायचं धाडस नव्हतं. कांताबाईंनी त्यांना पाहिलं आणि नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. मेश्रामांनी मान वर केली. पंधरा गावं वाचून त्यांचा घसा बसला होता.

"पानसे," त्यांनी हाक मारली, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशी. "इकडे या. खुर्ची घ्या. पुढची गावं तुम्ही वाचा."

पानसे आले. बसले. जांभळ्या अक्षरातल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं  आणि खणखणीत वाचलं, "भगौती, राखणदार, नऊ झाडं."

"हाज़िर!" पलीकडून एक म्हातारा ओरडला, आणि काठी टेकत पुढे यायला निघाला.